भोंग्याची स्मृती आणि भविष्याचा ध्वनी

जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीचे नाट्यरूप बीबीसीने १२ डिसेंबर १९५४ रोजी दूरचित्रवाणीवर थेट सादर केले, तेव्हा जॉन हॉचकिस यांचे संगीतही वाद्यवृंद प्रत्यक्षच वाजवीत होता. व्यक्तीचे मन राज्यसंस्थेने गिळंकृत केलेल्या त्या जगाला स्वर लाभला तो परिचित वाद्यांचा. भय नवे होते, त्याची भाषा जुनी.

ती भाषा पालटली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने. ही कार्यशाळा १९५८ मध्ये स्थापन झाली. १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी धून लिहिली. तिला नादरूप दिले डेलिया डर्बिशायर यांनी. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एका ताणलेल्या तारेचा झंकार आणि उपकरणांच्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑसिलेटरचे स्वर चुंबकीय फितीवर घ्यायचे, फितीचा वेग बदलून ते चढवायचे-उतरवायचे, मग एकेका स्वराचा तुकडा मोजून, कापून दुसऱ्याला जोडायचा, असा हा जवळजवळ शिंप्याचा उद्योग होता. त्यातून वादकाचा श्वास नाहीसा झाला. भकास भविष्याचे चित्रण करणाऱ्या कथांना नेमकी हीच उणीव हवी होती: माणसाने निर्माण केलेला, पण माणूस ऐकू न येणारा नाद. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेल्या डालेकांच्या कथेत, अणुयुद्धाने उजाड झालेल्या ग्रहासाठी, ट्रिस्ट्रम कॅरी यांनी फितीवरच संगीत रचले. कॅरी महायुद्धकाळात नौदलात रडारचे काम करीत होते.

डर्बिशायर मूळच्या कॉव्हेंट्रीच्या. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बवर्षावाने ते शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचा आपल्यावर झालेला संस्कार त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. भोंग्यापासून धुनेपर्यंत सरळ रेषा ओढणे अर्थात धाडसाचे ठरेल. कलाकृती इतक्या सहजासहजी चरित्रात मावत नाही. तथापि प्रेक्षकांनी भविष्याचा म्हणून ऐकलेला ध्वनी युद्ध भोगलेल्या पिढीच्या कानांनी घडविला होता, एवढे खचित म्हणता येते.

या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि ती फारशी सुखद नाही. आपल्या मानधनाचा अर्धा वाटा डर्बिशायर यांना मिळावा, अशी ग्रेनर यांची इच्छा होती. संस्थेच्या रिवाजात ते बसले नाही. श्रेयनामावलीत वर्कशॉपचे नाव झळकत राहिले, व्यक्तीचे नाही. वर्कशॉप १९९८ मध्ये बंद पडले. डर्बिशायर २००१ मध्ये निवर्तल्या. त्या धुनेसाठी त्यांचे नाव मालिकेच्या पडद्यावर प्रथम आले ते २०१३ मध्ये, सुवर्णमहोत्सवी भागात.