पालीच्या पाठासाठीं परदेश

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें एक जुनें गांव आहे. जुन्या बारवांबद्दल त्याची ख्याति असून, चक्राकार पायऱ्यांनीं खोल उतरत जाणारी तेथील बारव पाहणारास थक्क करून सोडते. हा सारा प्रदेश गोदावरीच्या खोऱ्यांतला. या गोदातीरावरून विद्यार्थी ज्ञानासाठीं दूर देशीं गेल्याची एक फार प्राचीन कथा पाली वाङ्मयानें जतन करून ठेविली आहे. सुत्तनिपात या ग्रंथाच्या पारायणवग्गांत बावरी नांवाचा एक वृद्ध ब्राह्मण भेटतो. तो मूळचा कोसल देशचा. परंतु दक्षिणेंत येऊन अस्सक देशीं गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहिला होता. आपल्या शंकेचें निरसन करील असा पुरुष उत्तरेंत अवतरला आहे असें ऐकतांच त्यानें आपले सोळा शिष्य तिकडे पाठविले. पतिट्ठान म्हणजे पैठण, तेथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत अशीं नगरें मागें टाकीत ते श्रावस्तीस पोंचले, आणि पुढें मगधांत जाऊन बुद्धासमोर बसले. प्रत्येकानें आपापला प्रश्न विचारला. तीं प्रश्नोत्तरें म्हणजेच पारायणवग्ग होय.

या कथेंत इतिहास किती व आख्यान किती हा वाद पंडितांचा आहे. परंतु इतिहासाचा खरा चमत्कार पुढेंच घडला. ज्या भाषेनें गोदातीराचें हें स्मरण शतकानुशतकें जपलें, ती भाषा शिकण्याची सोय १९०० सालीं गोदातीरीं कोठेंच राहिली नव्हती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे विद्वान पाली जाणत होते. पण एखादा तरुण पाली शिकेन म्हणून घराबाहेर पडला, तर त्याला वर्गांत बसवून घेणारें महाविद्यालय महाराष्ट्रांत नव्हतें. वालूरसारख्या गांवच्या मुलास तेव्हां उच्च शिक्षणाचें द्वार म्हणजे हैदराबादचें निजाम कॉलेज, आणि तें मद्रास विद्यापीठास जोडलेलें. परदेशचें शिक्षण म्हणजे विलायत: बॅरिस्टरी, डॉक्टरी किंवा सिव्हिल सर्व्हिस. आशिया खंडांतहि कोणी शिकावयास जावें, ही कल्पनाच सुशिक्षितांच्या मनास शिवत नसे.

तथापि आशियांत अभ्यासक्रम होते, आणि ते जिवंत होते. सिंहलद्वीपांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, कोलंबोच्या माळिगाकंद भागीं हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनीं १८७३ मध्यें विद्योदय परिवेण स्थापन केलें होतें. परिवेण म्हणजे भिक्षूंची पाठशाळा. तेथें पाली, संस्कृत, सिंहली व बौद्ध तत्त्वज्ञान यांचें पद्धतशीर अध्यापन चाले, आणि संस्थेचा भार श्रद्धाळू गृहस्थ उचलीत. दोनच वर्षांनीं, १८७५ मध्यें, कोलंबोजवळ पेलियगोड येथें विद्यालंकार परिवेण निघालें. सयाम देशांत पालीच्या परीक्षांच्या नऊ श्रेणी ठरलेल्या होत्या. ब्रह्मदेशांत राजांच्या काळापासून पालीच्या परीक्षा घेण्याचा परिपाठ होता, आणि अभिधर्माच्या अध्ययनांत तेथील विहारांचा हात धरणारा दुसरा देश नव्हता. या शिक्षणास मुंबईच्या किंवा लंडनच्या पदवीचा शिक्का नव्हता. म्हणून येथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें तें जणूं अस्तित्वांतच नव्हतें. युरोपियन पंडितांनीं मात्र ही चूक केली नाहीं. लंडन येथें १८८१ मध्यें पाली टेक्स्ट सोसायटी काढणारे रीस डेव्हिड्स हे पूर्वीं सिलोनांत मुलकी नोकरींत होते, आणि तेथेंच भिक्षूंजवळ बसून त्यांनीं पाली आत्मसात् केली होती.

हा मार्ग ज्या मराठी माणसानें स्वतःच्या पायांनीं चालून दाखविला तो विद्वान नव्हता, श्रीमंत नव्हता, मॅट्रिकहि नव्हता. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील सांखवाळ येथें झाला. पोर्तुगीज अमलाखालील खेड्यांत त्यांस जेमतेम मराठी शाळा लाभली. बाकीचा वेळ घरची शेती व नारळीबागा पाहण्यांत जाई. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकांत बुद्धचरित्रावरील लेख त्यांच्या वाचनांत आला, आणि बुद्धाचा धर्म मुळापासून समजून घ्यावयाचा असा ध्यास त्यांनीं घेतला. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांस मागें ठेवून त्यांनीं घर सोडलें.

पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट झाली. पुढें ग्वाल्हेरवरून ते काशीस गेले, आणि अन्नछत्रांत जेवून, मिळेल तेथें निजून त्यांनीं संस्कृताचा पाया घातला. नेपाळांत बौद्ध धर्म जिवंत आहे असें ऐकून १९०२ च्या आरंभीं ते हिमालयाच्या वाटेला लागले. परंतु ज्या बोधासाठीं गेले तो तेथें न मिळाल्यानें निराश होऊन परतले. बुद्धगयेस त्यांस कळलें कीं, मूळ ग्रंथ शिकावयाचे असतील तर सिंहलद्वीप गांठलें पाहिजे. कलकत्त्यास महाबोधि सभेचें साह्य मिळालें, आणि त्याच वर्षीं हा गोवेकर तरुण कोलंबोस विद्योदय परिवेणांत दाखल झाला. सुमंगल महास्थविरांनीं त्यांस श्रामणेर-दीक्षा दिली.

तेथील अभ्यास कशा प्रकारचा होता हें समजल्यावांचून या प्रवासाचें मोल कळणार नाहीं. पालीस स्वतःची अशी लिपी नाहीं. ज्या देशांत ती गेली त्या देशाची लिपी तिनें परिधान केली. सिंहलद्वीपांत ताडपत्रांवर ती सिंहली अक्षरांत लिहिलेली असे, ब्रह्मदेशांत ब्रह्मी लोकांच्या वाटोळ्या अक्षरांत; सयामच्या चूडालंकरण राजानें १८९३ मध्यें त्रिपिटकाचे ३९ भाग छापविले ते सयामी लिपींत, आणि लंडनचीं पुस्तकें रोमन लिपींत. देवनागरी जाणणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्याच देशांत जन्मलेला ग्रंथ वाचण्यासाठीं आधीं परक्या अक्षरांचा धुळाक्षरापासून अभ्यास करावा लागे. कोसंबींनीं तो केला. काशींतील संस्कृत येथें उपयोगीं पडलें. व्याकरणाची वाट सुकर झाली. अडचण आली ती अन्नाची व हवेची. तेथील आहार मानवेना, प्रकृति ढासळूं लागली, आणि सुमारें एका वर्षानें त्यांस बेट सोडावें लागलें.

माघार मात्र त्यांनीं घेतली नाहीं. मद्रासेस कांहीं काळ राहून ते ब्रह्मदेशांत गेले. तेथें उपसंपदा घेऊन ते पूर्ण भिक्षु झाले, आणि अध्ययन व ध्यानाभ्यास दोन्ही त्यांनीं चालविलीं. जो विद्यार्थी सिंहली पोथी वाचीत होता तो आतां ब्रह्मी पोथीहि वाचूं लागला. एकाच ग्रंथाचे दोन देशांतले पाठ ताडून पाहण्याची जी दृष्टि पुढें संशोधक म्हणून त्यांच्या कामीं आली, तिचें मूळ या पायपिटींत आहे.

१९०६ मध्यें ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळींतून निघालेल्या नॅशनल कॉलेजांत त्यांस पाली शिकविण्याचें काम मिळालें. पाठोपाठ कलकत्ता विद्यापीठानेंहि त्यांस अध्यापक नेमिलें. एकहि परीक्षा न दिलेला मनुष्य विद्यापीठांत शिकवूं लागला, तो केवळ सिंहल व ब्रह्मदेश येथील विहारांत मिळविलेल्या विद्येच्या बळावर. कलकत्त्याचे सतीशचंद्र विद्याभूषण हेहि १९०९-१० मध्यें सुमंगल महास्थविरांजवळ शिकून आले, यावरून त्या अभ्यासक्रमाची योग्यता हळूंहळूं मान्य होत होती हें दिसतें.

कोसंबींच्या चरित्रांतील खरा कसोटीचा क्षण याच वेळीं आला. कलकत्त्यास मान होता, पगार होता, त्यांत वाढ होण्याची आशा होती. दुसरीकडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दरमहा ५० रुपयांची वृत्ति देऊं केली. अट एवढीच कीं, महाराष्ट्रांतील कोणत्याहि शहरीं राहावें व वर्षास एखादें पुस्तक लिहून द्यावें. व्यवहाराच्या तराजूंत कलकत्त्याचें पारडें उघडच जड होतें. परंतु महाराष्ट्रांत पाली शिकण्यास ठिकाण नाहीं म्हणून आपणांस समुद्र ओलांडावा लागला, ही गोष्ट त्यांच्या मनांतून गेली नव्हती. त्यांनीं ५० रुपये पत्करले.

त्या ५० रुपयांचें फळ काय मिळालें? बडोद्यास दिलेलीं त्यांचीं व्याख्यानें ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नांवानें १९१० मध्यें मराठींत प्रसिद्ध झालीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस पाचारण केलें. बुद्धघोषाचा विसुद्धिमग्ग हा ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन यांनीं संपादनास घेतला होता. १८९९ मध्यें वॉरन वारल्यामुळें तें काम अपुरें राहिलें होतें. बुद्धघोष हाहि भारतांतून सिंहलद्वीपीं गेलेला विद्यार्थीच. पांचव्या शतकांत तो अनुराधपुरच्या महाविहारांत पोंचला, तेव्हां तेथील स्थविरांनीं त्याच्या परीक्षेसाठीं गाथा दिल्या, आणि त्यांवर भाष्य म्हणून त्यानें विसुद्धिमग्ग रचला, अशी सिंहली परंपरा आहे. त्याच ग्रंथासाठीं कोसंबींना पुढें आणखीहि अमेरिकेस जावें लागलें. मुंबईच्या भारतीय विद्या भवनानें १९४० मध्यें त्यांची देवनागरी आवृत्ति काढली; हार्वर्डची रोमन आवृत्ति १९५० मध्यें निघाली. ती पाहण्यास कोसंबी राहिले नव्हते. ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें त्यांनीं देह ठेवला.

परंतु ग्रंथाहूनहि मोठें काम वर्गांत झालें. भांडारकरांच्या प्रयत्नानें मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत पालीस स्थान मिळालें, आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवीत होते. त्या वर्गांतून एक पिढी बाहेर पडली. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनीं दीघनिकाय मराठींत आणण्यास हात घातला. ना. के. भागवत यांनीं मुंबईस पालीचें अध्यापन केलें व मूळ ग्रंथ देवनागरींत छापविले. पु. वि. बापट यांनीं विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्यें प्रसिद्ध केला. चिमणराव व गुंड्याभाऊ यांच्या विनोदानें घरोघर हंसूं पसरविणारे चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते, आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठीं सद्धम्मप्पकासिनी ही अट्ठकथा त्यांनीं संपादिली, हें अनेक वाचकांस ठाऊक नसेल. एका माणसानें परदेशीं सोसलेल्या उपासमारीचें असें हें व्याज.

याच सुमारास महाराष्ट्रांत आणखी एक अभ्यासक्रम आशियाच्या दुसऱ्या टोंकाहून आला. टोकियो येथें १९०१ मध्यें निघालेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं पडली. डिसेंबर १९१५ मध्यें मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं तशा विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्यें स्त्रियांचें विद्यापीठ पुण्यास उभें राहिलें. कर्व्यांनीं जपानचा नमुना घेतला, पण शिक्षणाची भाषा देशी ठेविली. कोसंबींनीं सिंहलद्वीपाची विद्या घेतली, पण तिला अक्षरें देवनागरी व विवरण मराठी दिलें. दोघांचे स्वभाव भिन्न, क्षेत्रें भिन्न, तत्त्व एकच. बाहेरून आणलेली विद्या येथल्या सामान्य विद्यार्थ्याच्या भाषेंत उतरली, तरच ती येथली झाली.

या हिशेबांत एक बाजू विसरतां कामा नये. कोसंबी विद्येच्या शोधांत फिरत होते तीं सुमारें सात वर्षें त्यांच्या पत्नी बाळाबाई गोव्यांत लहान मुलीसह दिवस काढीत होत्या. कोलंबोच्या पोथ्यांचें मोल त्यांनींहि दिलें. तें कोणत्याहि ग्रंथाच्या प्रस्तावनेंत मांडलेलें नाहीं. घरांतील एक मनुष्य विद्येसाठीं परदेशीं जातो तेव्हां मागें राहिलेल्यांचेंहि एक अध्ययन सुरू होतें, आणि त्यास पदवी नसते. ज्या देशांत अभ्यासक्रम नसतो, त्या देशाच्या उणिवेचा दंड अखेर अशा घरांना भरावा लागतो. म्हणूनच कोसंबींचें कलकत्ता सोडून महाराष्ट्रांत येणें हा केवळ स्वदेशाभिमान नव्हता. पुढच्या विद्यार्थ्यास तो दंड पडूं नये, हीहि त्यांत तजवीज होती.

ती तजवीज कितपत सिद्धीस गेली? विद्योदय व विद्यालंकार या दोन्ही परिवेणांना १९५९ मध्यें विद्यापीठांचा दर्जा मिळाला. केलनिया विद्यापीठाच्या पाली व बौद्ध विद्येच्या पदव्युत्तर संस्थेंत आज देशोदेशींचे विद्यार्थी रीतसर प्रवेश घेऊन पदवी मिळवितात. इकडे वालूरच्या विद्यार्थ्यास १९१८ नंतर हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ लाभलें, पण त्याचें माध्यम उर्दू होतें. १९५० मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचें महाविद्यालय औरंगाबादेस सुरू झालें, १९५८ मध्यें तेथेंच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर पालीकडे वळणारे विद्यार्थी महाराष्ट्रांत पूर्वींपेक्षां कितीतरी वाढले. नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळांत भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखालीं त्रिपिटक देवनागरींत निघालें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ज्या भाषांस अभिजात दर्जा दिला, त्यांत मराठी व पाली या दोन्ही एकाच दिवशीं बसल्या.

आज गोदावरीच्या खोऱ्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं जाऊं शकते. कोलंबोस, बँकॉकला, टोकियोला अभ्यासक्रम आहेत, आणि जाणें इष्टहि आहे. परंतु बावरीच्या सोळा शिष्यांनीं काय विचारलें व त्यांस काय उत्तर मिळालें, एवढें वाचण्यासाठीं आतां कोणास नेपाळचा डोंगर चढावा लागत नाहीं, सिंहली अक्षरें गिरवावीं लागत नाहींत, कीं घरच्यांस सात वर्षें वाट पाहावयास लावावी लागत नाहीं. ती पोथी परत गोदातीरीं आली आहे. ती उघडणें तेवढें उरलें आहे.