नानांचे तिकीट

नाना गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन वस्तू सापडल्या. गोदीतल्या क्रिकेट संघाची पांढरी टोपी, १९४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्याचे अर्धे फाटलेले तिकीट आणि त्याच सामन्याचे पिवळे पडलेले कात्रण. अम्मी म्हणाली, "शाळेत लाव, मुलं बघतील."

मी त्या एका फ्रेमवाल्याकडे दिल्या. त्याने तिकीट गोंदाने प्लायवूडवर घट्ट चिकटवले. तिकिटाच्या मागे नानांनी पेन्सिलने उर्दूत दोन ओळी लिहिल्या होत्या, हे मी त्याला सांगायलाच विसरले. सोडवताना एक ओळ वाचली: "इब्राहीम १३७, नाबाद." दुसरी गोंदाबरोबर गेली.

आज बऱ्याच मुलांना पंचरंगी म्हणजे काय ते ठाऊक नसते. मुंबईत आधी युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि सामने चौरंगी झाले. १९३७ पासून 'शेष' हा पाचवा संघ खेळू लागला. धर्मावर संघ पाडणे गांधीजींना मान्य नव्हते. १९४० मध्ये त्यांनी तसे उघड सांगितले. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद झाली. ती बंद झाली हे बरेच झाले, असे मलाही वाटते.

पण म्हणून त्या मैदानावर फक्त वैर होते, असे म्हणता येत नाही. मुश्ताक अली आणि विजय मर्चंट यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला भारताकडून सलामीला २०३ धावांची भागी केली होती. मुश्ताकचे ११२, मर्चंटचे ११४. तेच दोघे पंचरंगीत एकमेकांसमोर उभे राहत. १९४४ चा ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा अंतिम सामना मुस्लिम संघाने हिंदू संघावर एका गड्याने जिंकला. शेवटपर्यंत टिकून राहिला तो मुंबईचा के. सी. इब्राहीम.

फ्रेम दुसऱ्यांदा केली तेव्हा मी स्वतः शेजारी बसले. या वेळी खोल पेटीची चौकट घेतली, म्हणजे टोपी दबत नाही. टोपीत आम्लरहित कागद भरून तिला सुती धाग्याचे चार टाके घातले. तिकीट चारही कोपऱ्यांना कागदी खाचांत बसवले, गोंदाचा थेंब नाही. कात्रणाचा कागद आम्लाचा असतो, तो शेजारच्या कागदालाही पिवळा करतो, म्हणून ते वेगळे ठेवून चौकटीत त्याची प्रत लावली. काच कशालाही टेकत नाही. ऊन आणि पावसाळ्यातली ओल टाळायची म्हणून चौकट आतल्या भिंतीवर लावली. तिकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून तोही शेजारी बसवला.

खाली चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, हिंदू विरुद्ध मुस्लिम असं लिहू नका. नुसतं 'जुना सामना' लिहा." त्यांचा हेतू चांगला होता. पण अर्धी ओळ मी एकदा गोंदात घालवली होती. मी खरे तेच लिहिले, उर्दूत आणि मराठीतही.

पहिल्याच दिवशी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, मग आपली टीम कोणती?"

मी त्याला पुढची गोष्ट सांगितली. १९४७-४८ च्या हंगामात इब्राहीमने दोनदा बाद होण्याच्या मधल्या काळात ७०९ धावा केल्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आपल्या भूमीवरची पहिली कसोटी दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध झाली. भारताकडून सलामीला इब्राहीम होता. ८५ आणि ४४. पुढे तो पाकिस्तानात गेला आणि २००७ मध्ये कराचीत वारला. मी तेही लपवले नाही.

मुलगा थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे दिल्लीतली."

चिठ्ठीत आता तीही एक ओळ आहे.