मांडीचे हाड आणि लोखंडी कडे

हाडवैद्य आपल्या गावांना नवा नाही. पोर चिंचेवरून पडले किंवा गडी गाडीखाली सापडला, की बांबूच्या कामट्या आणि चिंध्या घेऊन बसणारा तो माणूस आपल्या परिचयाचा आहे. पण श्रोतेहो, असे हाडवैद्य विलायतेतही होते, आणि त्यांच्याच एका घराण्यातून अस्थिशल्यशास्त्राचा एक थोर पुरुष निघाला.

वेल्समधील अँगल्सी बेटावरच्या टॉमस घराण्यात हाडे बसविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. इव्हान टॉमस ती घेऊन लिव्हरपूल बंदरात आला. पदवी नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला कोर्टात खेचले. हमाल-खलाशी मात्र त्याच्याच दारात येत. बाप शहाणा! त्याने पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केले. त्यांतला ह्यू ओवेन टॉमस (1834–1891) काही दिवस बापाजवळ राहिला, पण पटेना, तेव्हा त्याने वेगळा दवाखाना थाटला. इस्पितळात त्याला नेमणूक नव्हती. घरीच लोहार आणि चामड्याचा कारागीर ठेवून तो रोग्याच्या मापाची साधने करवून घेई. रविवारी गोरगरिबांना फुकट तपाशी. क्षयाने गुडघा सडला की चाकू चालवण्याची त्या काळी घाई असे. टॉमस म्हणे, सांध्याला विश्रांती द्या, पुरती द्या, मध्ये खंड पडू देऊ नका.

यासाठीच त्याने एक साधन केले. जांघेशी चामड्याने मढवलेले लोखंडी कडे, त्यातून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली गेलेल्या दोन सळया, तळव्याखाली एकमेकींना जोडलेल्या. आता पाहा, मांडीचे हाड मोडले म्हणजे मांडीचे जबर स्नायू आखडतात आणि मोडलेली टोके एकमेकांवर चढतात. रोग्याला हलवले की तीच टोके मांस फाडतात, आतल्या आत रक्त जाते. पाऊल खालच्या टोकाला ताणून बांधले, की वर कडे बैठकीच्या हाडाला टेकते आणि पाय ताठ राहतो. एवढीच काय ती युक्ती. पण ती पुढे क्षयाच्या गुडघ्यापेक्षा मोडलेल्या मांडीलाच जास्त उपयोगी पडली.

ते पाहायला टॉमस उरला नव्हता. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकलेला. 1914 साली महायुद्ध पेटले. गोळीने मांडीचे हाड फुटलेल्या शिपायांपैकी सुरुवातीला शेकडा 80 दगावत, असे जोन्सने लिहून ठेवले आहे. धामधुमीतला हा आकडा काटेकोर मानू नये, असे मला वाटते. तरी हानी भयंकर होती यात शंका नाही. जोन्सने मामाच्या कड्याचा आग्रह धरला. स्ट्रेचर वाहणाऱ्या शिपायांना डोळ्यांवर पट्टी बांधून ते चढवायला शिकवले, कारण खंदकात रात्री दिवा कुठला? 1917 मध्ये आरासच्या लढाईत अशा हजारावर जखमींमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे 16 इतके खाली आले. जखम लवकर धुऊन साफ करण्याचाही त्यात वाटा होता, सगळे श्रेय लोखंडाला देता येणार नाही.

मांडी मोडलेल्या लहान मुलांसाठी टॉमसचे कडे इस्पितळांतून आजही वापरतात.