ड्रोनच्या चित्रीकरणातील ‘दाणे’ कसे कमी करावेत?

नाशिक : आकाशातून टिपलेले गोदाघाटाचे दृश्य मोबाइलच्या लहानशा पडद्यावर देखणे दिसते. तेच दृश्य मोठ्या पडद्यावर लावले, की अंधाऱ्या भागांत रंगीत ठिपक्यांची सळसळ जाणवू लागते. घाटाच्या पायऱ्या, नदीचे काळे पाणी, मंदिरामागचे आकाश हे सारे जणू मुंग्यांनी भरल्यासारखे हलते. चित्रीकरणाच्या व्यवसायात याला ‘नॉइज’ किंवा ‘ग्रेन’ म्हणतात. लग्नसमारंभ, पर्यटन, बांधकाम प्रकल्प आणि गर्दीवर देखरेख अशा अनेक कामांत ड्रोनचा वापर होत असल्याने हा दोष केवळ हौशी छायाचित्रकारांपुरता उरलेला नाही.

नाशिककरांसाठी या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या जाहीर कार्यक्रमानुसार पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. पर्वणीची गर्दी पहाटेपासूनच, म्हणजे सूर्योदयापूर्वी सुरू होते. ऑगस्टच्या प्रारंभी नाशिकमध्ये सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो आणि पावसाळी ढगांमुळे त्यानंतरही बराच वेळ प्रकाश मंद असतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी, त्या वर्षीच्या सिंहस्थात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेला होता. गर्दी कोठे थांबली आणि कोठे दाटली, हे आकाशातून वेळीच ओळखायचे असेल, तर पडद्यावरचे चित्र वाचता येण्याजोगे हवे.

दोष येतो कोठून?

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांच्या काळातील चित्रपटाच्या फितीवर दिसणारे दाणे म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण असत. डिजिटल कॅमेऱ्यात चांदी नाही, पण प्रकाशाचा स्वभाव तोच आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमित पडतात. सेन्सरवरील एका बिंदूवर सरासरी १० हजार प्रकाशकण पडत असतील, तर त्यात सुमारे १०० कणांचा, म्हणजे १ टक्क्याचा फरक पडतो. तो डोळ्यांना जाणवत नाही. मात्र अंधारात केवळ १०० कण पडले, तर फरक सुमारे १० कणांचा, म्हणजे १० टक्क्यांचा होतो. हाच फरक ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. कॅमेऱ्यातील विद्युत मंडलांचा गोंगाट त्यात भर घालतो.

ड्रोनला वजनाची मर्यादा असल्याने त्याचा सेन्सरही लहान असतो. स्वस्त ड्रोनमध्ये आढळणारा १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, तर ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट आहे. भिंगाचे छिद्र आणि शटरचा वेग सारखाच ठेवला, तर मोठा सेन्सर चौपट प्रकाश गोळा करतो आणि नॉइजचे प्रमाण निम्म्यावर येते. रात्रीच्या कामासाठी ड्रोन भाड्याने घेताना ‘फोर के’ या शिक्क्याआधी सेन्सरचा आकार विचारावा, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

आयएसओचा गैरसमज

आयएसओ वाढवला की प्रकाश वाढतो, ही समजूत चुकीची आहे. आयएसओ वाढवणे म्हणजे आधीच मिळालेला संकेत मोठा करणे. आवाज क्षीण असताना ध्वनिक्षेपकाचे बटण फिरवले, की बोलण्याबरोबर खरखरही वाढते, तसाच हा प्रकार. त्यामुळे आयएसओ ‘ऑटो’वर सोडू नये. शक्य तितका कमी आयएसओ हाताने ठरवावा आणि प्रकाश वाढवण्याचे अन्य मार्ग आधी संपवावेत.

पहिला मार्ग शटरचा. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर १/५० सेकंद ठेवण्याची रूढ पद्धत आहे. ड्रोन एका जागी स्थिर असेल आणि दृश्यात वेगवान हालचाल नसेल, तर ते १/२५ पर्यंत खाली आणता येते. त्यामुळे प्रकाश दुप्पट मिळतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने पथदिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/२५, १/५० किंवा १/१०० ही शटरमूल्ये या लयीशी जुळतात आणि दिव्यांची लुकलुक टळते. दिवसा लावलेला एनडी फिल्टर सायंकाळी काढायचा राहून गेला, तर प्रकाश कित्येक पटींनी घटतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ही नोंद असावी.

शटर मंद केले की हलणारी माणसे पुसट होतात, जलद केले की दाणे वाढतात. हा पेच जुना आहे. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये कार्यरत असलेले संशोधक रमेश रासकर यांनी सहकाऱ्यांसमवेत २००६ मध्ये त्यावर एक वेगळे उत्तर मांडले होते. चित्र घेतानाच शटर विशिष्ट क्रमाने उघडझाप करत ठेवायचे आणि पुसटपणा नंतर गणिताने दूर करायचा, अशी ती पद्धत. सर्वसामान्य ड्रोनमध्ये ही सोय नसते. तेथे शटरचा निर्णय चालकालाच घ्यावा लागतो.

उड्डाणापूर्वीची पथ्ये

रंगसंस्करणासाठी वापरला जाणारा ‘लॉग’ प्रकार अंधाऱ्या भागांतील तपशील राखतो. पण नंतर ते भाग उजळताना त्यातील दाणेही वर येतात. त्यामुळे लॉगमध्ये चित्रीकरण करताना हिस्टोग्राम पाहून, उजळ भाग करपणार नाहीत इतपत चित्र किंचित जास्त उजळ घ्यावे आणि संगणकावर ते खाली आणावे. नंतर रंगसंस्करण करायचे नसेल, तर रात्री साधा प्रकारच बरा.

कॅमेऱ्यातील शार्पनेस कमी ठेवावा. तो कडा ठळक करतो, तसे ठिपकेही ठळक करतो. बिटरेट मात्र सर्वांत जास्त निवडावा. ८ बिटचे फोर के चित्रीकरण दाबून न ठेवता साठवले, तर सेकंदाला सुमारे २,४९० मेगाबिट लागतील. १०० मेगाबिटच्या फाइलमध्ये ते जवळपास २५ पट आवळलेले असते. ठिपके अनियमित असल्याने त्यांना साठवण्यातच बरीच जागा खर्ची पडते आणि उरलेले दृश्य चौकोनी तुकड्यांत फुटते. असे तुकडे नंतर कोणत्याही साधनाने नीट सांधता येत नाहीत. ड्रोनमध्ये एच. २६५ आणि १० बिटची सोय असल्यास ती वापरावी.

संगणकावरील उपचार

नॉइज काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ‘स्पेशिअल’ पद्धतीत एकाच फ्रेममधील शेजारच्या बिंदूंची सरासरी घेतली जाते. ती जास्त लावली, तर चेहरे आणि भिंती मेणासारख्या गुळगुळीत होतात. ‘टेम्पोरल’ पद्धतीत लागोपाठच्या फ्रेमची तुलना होते. दृश्य तेच असते, ठिपके मात्र दर फ्रेमला वेगळे पडतात. त्यामुळे ४ फ्रेमच्या सरासरीने नॉइज निम्मा आणि ९ फ्रेमच्या सरासरीने एकतृतीयांश होतो.

ड्रोन हलत असताना कोणता बिंदू कोठे सरकला, याचा अंदाज आज्ञावलीला बांधावा लागतो. पांडवलेणीच्या डोंगराभोवतीच्या संथ फेरीत हा अंदाज बरोबर येतो. गोदावरीच्या लाटा, फडकणारे ध्वज, तरंगणारे दिवे आणि चालणारी गर्दी येथे तो चुकतो व वस्तूंमागे भुतासारख्या सावल्या उमटतात. अशा दृश्यांत मागेपुढे २ ते ३ फ्रेमपुरतीच टेम्पोरल पद्धत वापरावी आणि पाण्याचा भाग वेगळा करून त्यावर हलका स्पेशिअल उपचार करावा.

‘डाविंची रिझॉल्व्ह’च्या सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत दोन्ही पद्धती आहेत. ‘नीट व्हिडिओ’ हे जोडसाधन आकाश किंवा भिंतीसारख्या एकसारख्या भागावरून नॉइजचा नमुना शिकते. खर्च टाळायचा असल्यास ‘एफएफएमपेग’ या मोफत आज्ञावलीत ‘एचक्यूडीएन३डी’ आणि ‘एनएलमीन्स’ हे गाळणे उपलब्ध आहेत. यातील दुसरे २००५ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘नॉन लोकल मीन्स’ या तत्त्वावर चालते. फ्रेममधील एकमेकांसारखे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेणे, हे ते तत्त्व.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नॉइज कमी करावा, मग स्थिरीकरण व रंगसंस्करण, आणि शार्पनेस सर्वांत शेवटी. अंतिम फीत फुल एचडीत द्यायची असेल, तर फोर केमधील ४ बिंदूंचा मिळून १ बिंदू होतो आणि नॉइज आपोआप जवळपास निम्म्यावर येतो. रंगीत ठिपके पूर्ण काढावेत, पण करडे दाणे थोडे राहू द्यावेत. सारे पुसले, की सायंकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे उमटतात.

पुरावा आणि सौंदर्य

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने अंधारातील चित्र थक्क करण्याइतके स्वच्छ करतात. तथापि, जो प्रकाश सेन्सरवर पडलाच नाही, त्यातील माहिती कोणतेही साधन परत आणू शकत नाही. ते पूर्वी शिकलेल्या चित्रांवरून अंदाज बांधते. लग्नाच्या फितीत हा अंदाज चालतो. वाहनाचा क्रमांक, चेहरा किंवा गर्दीतील माणसांची संख्या ठरवताना तोच अंदाज दिशाभूल करू शकतो. चूक निरपराध व्यक्तीला भोवू शकते.

त्यामुळे देखरेख, अपघात किंवा पंचनाम्यासाठी केलेल्या चित्रीकरणाची मूळ फाइल कधीही बदलू नये. कार्डवरून प्रत घेताच तिचे हॅश मूल्य नोंदवावे आणि सारे संस्करण दुसऱ्या प्रतीवर करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्याचा उल्लेख अपेक्षित आहे. स्वच्छ केलेली प्रत दाखवायची झाल्यास कोणते साधन कोणत्या प्रमाणात वापरले, हेही लिहून ठेवावे.

नाशिक परिसरात ओझरचा विमानतळ तसेच देवळाली व गांधीनगर येथील लष्करी आस्थापना आहेत. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राची हिरवी, पिवळी व लाल अशी विभागणी असून, उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा आणि पोलिसांचे त्या वेळचे आदेश पाहणे बंधनकारक समजावे. परवानगी मिळण्याची वेळ आणि प्रकाश यांचा मेळ घालता आला, तर सूर्योदयानंतरची पंधरा मिनिटे जे काम करतात, ते नंतर संगणकापुढे घालवलेल्या कित्येक तासांनीही साधत नाही.