सेव्हर्नड्रूग म्हणजे आमचा सुवर्णदुर्ग

२०१६ साली कंपनीने मला सहा महिने लंडनला ऑनसाईट पाठवलं होतं. पहिले चार विकांत राणीचा राजवाडा, मोठं घड्याळ वगैरे पाहण्यात गेले, मग करायला काही उरेना. एका शनिवारी लॅपटॉपवर नकाशा चाळत बसलो होतो. शहराच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाची टेकडी दिसली आणि तिच्यावर एक नाव, 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. ड्रूग? हा काय प्रकार? दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि खुर्चीतून उडालोच. सुवर्णदुर्ग!

मंडळी, मी रत्नागिरीचा. हर्णैचा सुवर्णदुर्ग आमच्याच जिल्ह्यातला. तो लंडनच्या टेकडीवर काय करतोय?

दुसऱ्या दिवशी गेलो. झाडीत विटांचा एक तिकोनी मनोरा उभा आहे, उंची ६३ फूट. किल्लाबिल्ला काही नाही. बरीच वर्षं बंद पडलेला हा मनोरा डागडुजी करून २०१४ मध्ये लोकांसाठी उघडला. दारावरचा दगड वाचला. सर विल्यम जेम्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी अधिकाऱ्याने २ एप्रिल १७५५ रोजी मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूग जिंकला, त्याची आठवण म्हणून हे बांधकाम. (कोकण म्हणजे मलबार! असो.) जेम्स १७८३ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने हा मनोरा उभारला. वरून सगळं लंडन दिसतं. मी मात्र तो दगडच तीनदा वाचला. काहीतरी कमी वाटत होतं, पण काय ते कळेना.

परत खोलीवर येऊन वाचायला बसलो, आणि जे वाचलं ते शाळेत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आमचे बाबा तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते, तरीही!

गोष्ट थोडक्यात अशी. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले आणि मुलांमध्ये भांडणं लागली. पेशव्यांनी त्यात हात घातला, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी सुवर्णदुर्गाकडे अशी वाटणी झाली. संभाजीनंतर तुळाजी आला. हा गडी जबरदस्त. दाभोळच्या खाडीवरचा अंजनवेलचा किल्ला त्याने १७४५ मध्ये सिद्दीकडून घेतला आणि त्याचं नाव गोपाळगड ठेवलं. समुद्रात जायचं तर आंग्र्यांचा दस्तक घ्या, नाहीतर जहाज धरलं जाईल, हा बापाचा नियम त्यानेही चालवला. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. स्वतः मात्र तेच परवाने विकत, ते कायदेशीर! पण तुळाजी पेशव्यांनाही जुमानेना. शेवटी मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. समुद्रातून तुम्ही, जमिनीवरून आम्ही, किल्ले आमचे आणि बाणकोट तुम्हाला.

म्हणजे जेम्स स्वतःहून आला नव्हता. त्याला बोलावलं होतं. दगडावर कमी होतं ते हेच.

पुढच्या वर्षी भारतात परतल्यावर पहिल्याच मोकळ्या विकांताला बाबांना घेऊन हर्णैला निघालो. रत्नागिरीहून जयगड, तिथे फेरीबोटीत गाडी घालून तवसाळ, मग गुहागर. धोपाव्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे दाभोळ आणि मग दापोलीमार्गे हर्णै. रस्ता अप्रतिम, कंबर गेली ती वेगळी. वाटेत गोपाळगडावर थोडा वेळ थांबलो. बाजूला एन्रॉनचा तो प्रसिद्ध प्रकल्प. 'परदेशी कंपनीला बोलावून आणायची जागाच आहे ही,' असं मी म्हणालो, तर बाबा हसले नाहीत.

हर्णै बंदरातून नावेने किल्ला फार लांब नाही. पण बेटावर धक्का नव्हता, गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं. बाबांची चप्पल वाहून गेली ती नाववाल्या काकांनी पकडून आणली. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. बाजूला तटावर मारुती कोरलेला आहे, उंबऱ्यावर कासव. आत करवंदीची जाळी, पाण्याची टाकी, पडके चौथरे. बाकी सगळं रान. तट मात्र बघत राहावा असा! खालचा खडकच तासून काढलाय आणि त्यावर प्रचंड चिरे चढवलेत.

दरवाजातून बाहेर बघितलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मोठा दरवाजा खुल्या समुद्राकडे नाहीच, तो किनाऱ्याकडे आहे. समोर गोवा किल्ला, शेजारी कनकदुर्ग आणि फत्तेगड. हा एक किल्ला नाही, चार किल्ल्यांची एक सिस्टीम आहे. शत्रू समुद्राकडून येणार, म्हणून ती बाजू अभेद्य केली. बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी उथळ, तिथे मोठं जहाज येणार नाही, आणि आलंच तर किनाऱ्यावरच्या तोफा आहेत की. डिझाईन चोख होतं, फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली. किनारा आपला असेल.

जेम्सने आधी समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या, भिंतीला काही होईना. मग 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचं जहाज त्याने आतल्या उथळ पाण्यात आणलं आणि जवळून मारा सुरू केला. एक गोळा आत पडून आग लागली, दारूचं कोठार उडालं आणि लोक किल्ला सोडून पळाले. किनाऱ्यावर पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव यांची फौज होती. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जाळलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

हे सगळं मी बाबांना दरवाजातच उभं राहून ऐकवलं. जरा जोरातच. 'तुम्ही हे वर्गात का नाही सांगितलंत?'

बाबा चौथऱ्यावर बसले, ओला पाय पुसत म्हणाले, 'अरे, पुस्तकात दोन ओळी होत्या. आंग्र्यांचा बंदोबस्त केला, एवढंच. आणि तुळाजीने कोकणातल्या लोकांना कमी छळलं का? तू पेशव्यांच्या जागी असतास तर काय केलं असतंस?'

मी म्हटलं, निदान इंग्रजांना बोलावलं नसतं.

'हे तुला १८१८ माहीत आहे म्हणून. त्यांना कुठे माहीत होतं?'

यावर मला उत्तर सुचलं नाही, खरं सांगायचं तर अजूनही नाही. पण बाबाच थोड्या वेळाने म्हणाले, 'दुसरा बाजीराव इथेच आला होता ना रे?' हो, इथेच. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ फौजेचा धुव्वा उडवल्यावर तो पळत कोकणात उतरला आणि सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आला. होळकरांची माणसं मागावर होती. आरमार असतं तर इथून कुठेही जाता आलं असतं. तो इंग्रजांच्या जहाजातून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तिथे तैनाती फौजेच्या तहावर सही केली.

'त्या लंडनच्या दगडावर पेशव्यांचं नाव आहे का?' बाबांनी विचारलं.

'नाही.'

'आणि तुळाजीचं?'

'तेही नाही.'

बाबा काही बोलले नाहीत. खाली काका हाका मारायला लागले होते, पाणी उतरत होतं. हर्णैला परत आलो तेव्हा वाळूत मासळीचा लिलाव ऐन रंगात होता.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रत्नागिरी जिल्ह्यातला त्यात एकच, सुवर्णदुर्ग. बाबांनी बातमी फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, 'पुन्हा जाऊ. या वेळी सँडल घालून.' तुम्हीही जाणार असाल तर पावसाळा टाळा, भरती-ओहोटीची वेळ बघून निघा आणि बंदरात नाववाल्याशी भाव आधीच ठरवा. आणि गोवा किल्ला चुकवू नका. तिथून मधलं पाणी किती अरुंद आहे ते नीट दिसतं.