‘आम्ही कोण?’ आणि ‘तू कोण?’

गणपतीपुळ्याला देवदर्शन घेऊन निघालेला मराठीचा प्राध्यापक मालगुंडला थांबल्यावाचून राहत नाही. जवळच असलेले हे केशवसुतांचे (१८६६–१९०५) जन्मगाव. तेथील स्मारकात उभे असताना आम्हांला ‘आम्ही कोण?’ हे सुनीत आठवले, आणि त्यासोबत संगणकाच्या आज्ञावलीतला तसाच एक प्रश्न.

आज्ञावली चालू असताना समोर आलेल्या वस्तूला ‘तू कोण?’ असे विचारण्याची सोय ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत होती. उत्तर मिळे ते कुळाचे: वस्तू कोणत्या वर्गातली, तो वर्ग कोणापासून उपजलेला. १९९५ साली आलेल्या जावात हा प्रश्न ‘इंटरफेस’बाबतही विचारता येऊ लागला. इंटरफेस म्हणजे करारनामा. कोणती कामे करता आली पाहिजेत, एवढेच तो सांगतो. कुळ भिन्न असले तरी चालते. मात्र करार मान्य असल्याचे वर्गाने आधी जाहीर करावे लागते. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेने ही घोषणाही अनावश्यक ठरवली. कामे येत असली की पुरे.

केशवसुतांचे उत्तर याच जातीचे आहे. कवी आरंभी देवाशी नाते सांगतो खरा. पण पुढची कविता तो काय करू शकतो, याची आहे. १८९२ साली त्यांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिले, तेव्हा ‘सुनीत’ हे नाव रूढ व्हायचे होते. नावाआधी रूप आले.

परंतु कराराची तपासणी वरवरची असते. कामांची नावे आणि देण्याघेण्याचे प्रकार जुळले की यंत्राचे समाधान होते; वर्तन जुळते का, हे त्याला कळत नाही. बार्बारा लिस्कोव्ह आणि जीनेट विंग यांनी १९९४ च्या निबंधात वर्तनाचीच अट मांडली. मराठी वाचकाला हा धडा अत्र्यांनी १९२५ सालीच दिला होता. ‘झेंडूची फुले’मधील ‘आम्ही कोण?’चे विडंबन वृत्ताने आणि वळणाने मूळ कवितेसारखेच; पण कवीच्या सामर्थ्याच्या जागी तेथे वाङ्मयचौर्य आणि प्रसिद्धीची हाव येते. रूपाच्या परीक्षेत दोन्ही उत्तीर्ण.

वर्गात आम्ही सुनीत ओळखायला शिकवतो ते ओळी मोजून. ‘चौदा ओळी’ एवढेच लिहिणाऱ्यालाही आम्ही गुण दिले आहेत. त्यासाठी कविता वाचावी लागत नाही. मूळ कविता आणि विडंबन शेजारी ठेवून भेद विचारणारा प्रश्न आम्ही आजवर काढला नाही. यंदा काढू.