आपले वस्त्र, आपले हात

अनाथाश्रमात अथवा वसतिगृहात वाढणाऱ्या मुलास आपले कपडे आपणच धुवावे लागतात. वरकरणी हे काम क्षुल्लक वाटते. परंतु महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी त्याचे नाते फार जवळचे आहे.

कपडे धुण्यास प्रथम पाणी हवे. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करूनही चवदार तळे अस्पृश्यांना प्रत्यक्षात खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. न्यायालयात त्या हक्कावर शिक्कामोर्तब होण्यास १९३७ साल उजाडले. ज्यास पाणवठाच बंद, त्याने वस्त्र स्वच्छ कसे ठेवावे? आणि मळक्या वस्त्राचे निमित्त करून समाजाने त्यालाच पुन्हा दूर लोटावे, असा तो अन्याय होता.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे पुढे गेले की सातारा येते. तेथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह स्थापिले. महाडच्या सत्याग्रहाआधी जेमतेम महिनाभर, २५ फेब्रुवारी १९२७ रोजी, महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. स्वयंपाक, झाडलोट, धुणे ही कामे मुलेच करीत. स्वावलंबन हे रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच होते. तेथे कोणतेही काम कोणा एका जातीचे उरले नाही, हा त्या श्रमाचा खरा संस्कार होय. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले.

मात्र स्वावलंबन आणि राबवणूक यांतील भेद ओळखला पाहिजे. मुलाने स्वतःचा सदरा धुणे हे शिक्षण. साऱ्या संस्थेच्या धुण्याचे ओझे त्याच्यावर टाकणे हा अन्याय. सावित्रीच्या खोऱ्यात पावसाळ्यात सुती कपडा दिवसेंदिवस वाळत नाही, त्यास कुबट वास येतो, बुरशीचे काळे डाग पडतात. दोनच जोड असलेल्या मुलास ओलाच कपडा अंगावर चढवून शाळेस जावे लागते.

वस्त्रदानाची परंपरा समाजात जुनी आहे. त्या दानास पुरेसे पाणी, धुण्याचा दगड आणि वाळवणीसाठी एका छपराची जोड मिळाली, तरच दिलेले वस्त्र मुलाच्या अंगावर स्वच्छ राहील. कर्मवीरांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने एवढे तरी करावे.